मास्टरांचा मागचा टायर

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो. रोड बाइकचा, आणि त्यातही मागचा. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढच्या टायरची कहाणी ऐकायला आला असाल तर ती इथे मिळणार नाही, आणि मिळाली तरी तिच्यात काही नाही. पुढचा टायर म्हणजे लग्नाला आलेला दूरचा पाहुणा. वारा खायचा, रस्ता बघायचा, हँडल वळेल तिकडे मान वळवायची. ओझं सगळं मागे. सायकलवर माणूस बसतो तो कुठे बसतो, जरा आठवून पाहा. पेडल दाबलं की तो जोर कुणाच्या अंगावर येतो, तेही आठवा. नव्या टायरच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात. मागचा टायर झिजून म्हातारा होतो तेव्हा पुढच्याच्या कडेचे केससुद्धा झडलेले नसतात, आणि वर तो विचारतो, "दमलास का रे?"

माझा जन्म एका कारखान्यात, वाफेने तापलेल्या साच्यात झाला. आत सूत, वर रबर. माझ्या वेळी साचा इतका तापला होता की शेजारच्या खोलीत कारकुनाच्या टेबलावरचा गार झालेला चहा पुन्हा उकळला. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. तो कारकून आता तिथे नाही, आणि चहा तर त्याने तेव्हाच पिऊन टाकला. तपासणाऱ्या बाईंनी मला उजेडात धरलं, फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा शर्यत जिंकणार." त्या प्रत्येकाला हेच म्हणत, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या खोक्यावर मी किती धावेन याचा एक भलामोठा आकडा छापला होता. तो आकडा कसा काढतात, माहीत आहे? छत्रीच्या काडीएवढा एक माणूस सायकलवर बसवतात, काचेसारख्या गुळगुळीत रस्त्यावर सोडतात आणि वारा त्याच्या पाठीमागून असेल याची काळजी घेतात. मग तो आकडा सगळ्या जगाला लावतात. जगात काड्या किती आणि ओंडके किती, हे मोजायला कुणी बसत नाही.

मला सायकलच्या दुकानात खुंटीवर टांगलं गेलं. दुकानदार ग्रीसने माखलेला, कमी बोलणारा माणूस होता. बोलला तरी समोरच्याकडे न बघता पंपाच्या काट्याकडे बघून बोलायचा. दुकानात रोज सकाळी सायकलवाल्यांची एक मंडळी फेरी मारून येऊन उभी राहायची. सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटलेले, सगळ्यांच्या डोक्यावर टरबुजाच्या सालीसारखी टोपी. त्यांचे पुढारी म्हणजे चित्रकलेचे निवृत्त सर. सरांच्या पोटऱ्या अशा की एखाद्या कोंबडीनेही हळहळून आपला दाणा पुढे केला असता. पण ऐट अशी की शर्यतच काय, रस्ताही त्यांनीच काढलाय.

एके दिवशी दाराचा उजेड गेला. मला वाटलं, शटर ओढलं. पण शटर जागेवरच होतं, दारात मास्टर उभे होते.

मास्टर म्हणजे शिंपी. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं दुकान. डॉक्टरांनी दम भरला होता की हलता-फिरता राहा, नाहीतर माझ्याकडे येऊ नका. म्हणून त्यांनी सायकल घेतली होती. त्यांच्या खांद्यावर माझाच एक जातभाई लटकत होता, पोट फुटलेला.

"मास्टर, हा दुसरा ना?" सर म्हणाले. "तुम्ही टायर वापरता की खाता?"

सगळे हसले. मास्टर सगळ्यांच्या आधी हसले. स्वतःवरच्या विनोदाला आधी हसणारी माणसं मला आवडत नाहीत. ती घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसतात.

हसून झाल्यावर मास्टर दुकानदाराजवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "आता एकच शेवटचा. हाही असाच गेला, तर सायकल तुमच्याच दारात विकायला उभी करीन. रोज उठून हसू करून घ्यायला मला वेळ नाही."

दुकानदार काट्याकडे बघत म्हणाला, "रुंद टायर घ्या. तुमच्या वजनाला रुंदच बरा."

मास्टरांनी सरांच्या सायकलीकडे पाहिलं. "सरांना आहे तोच द्या."

अशा रीतीने मी खुंटीवरून खाली आलो. अंगठ्याएवढी माझी रुंदी, आणि वर येणार होते मास्टर. पण टायरला कोण विचारतं?

"हवा किती भरू?" दुकानदाराने विचारलं. "वजन सांगा. वजन जास्त तर हवा जास्त. कमी हवेवर जड माणूस बसला की टायर दुमडतो."

"पूर्वी होतं त्यापेक्षा जरा कमी धरा," मास्टर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "पँट सैल पडायला लागलीय."

"काट्यावर उभे राहिलात?"

"काटे काय, वाट्टेल ते सांगतात. माझा विश्वास कापडावर. कापड खोटं बोलत नाही."

दुकानदाराने खांदे उडवले आणि जरा कमी हवा भरली. त्याला डोळे होते, नाही असं नाही. पण ते त्याने काट्यासाठी राखून ठेवले होते.

मास्टरांच्या दुकानात सायकलीसकट मला जागा मिळाली ती कपड्यांच्या गठ्ठ्यांखाली, भिंतीला टेकून. तिथून सगळं दुकान दिसायचं. कापायचं टेबल, दोन मशीनं, कपडे घालून बघायचा पडदा, आणि जमिनीवर पसरलेल्या टाचण्या. त्या टाचण्यांना मी किती वेळा बळी पडलो ते विचारू नका. माझ्या पोटातल्या ट्यूबने मात्र दर वेळी असा कांगावा केला की जणू तिच्यावर तोफ डागली. फुगण्यापलीकडे तिने आयुष्यात काही केलं नाही, आणि तेही दुसऱ्याच्या हवेवर.

मास्टरांचं काम बघण्यासारखं होतं, एवढं मी नाइलाजाने कबूल करतो. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की पोट आत ओढतं. हे सगळे करतात. म्हातारे, तरणे, बायका, पुरुष, न्यायाधीशसुद्धा. मास्टर कधी काही बोलत नसत. कमरेभोवती टेप धरायचे आणि सहज विचारायचे, "मुलगी काय करते सध्या?" गिऱ्हाईक उत्तर द्यायला तोंड उघडतं, श्वास सुटतो, पोट आपल्या घरी परत येतं. तेवढ्यात मास्टर टेप वाचून मोकळे. गिऱ्हाइकाला वाटतं आपण फसवलं. कपडा मात्र अंगावर बरोबर बसतो. फसणारा प्राणी इतका खूश झालेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

असा हा माणूस. जगाचं पोट ओळखणारा. आणि त्याचीच पँट घरात काय करत होती, हे त्याला ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक होतं मला, आणि मास्टरीणबाईंना. गिऱ्हाइकं त्यांना वहिनी म्हणायची. काजं, बटणं, कडांना हेम, सगळं हातशिलाईचं काम त्यांचं. महिन्यातून एखाद्या दुपारी मास्टर पँट उतरवून लुंगीवर टेबलामागे आडवे झाले आणि त्यांचं घोरणं एका लयीत आलं की वहिनी त्यांची पँट उलटी करायच्या. शिंपी पँटच्या मागच्या शिवणीत थोडं जास्तीचं कापड दडवून ठेवतात, पुढेमागे माणूस सुटला तर उपयोगी पडावं म्हणून. त्या कापडाला ते माया म्हणतात. वहिनी जुनी शिवण उसवायच्या, मायेतलं बोटाच्या जाडीएवढं कापड मोकळं करायच्या, नवी शिवण घालायच्या, इस्त्री फिरवायच्या. मास्टर उठून पँट चढवत आणि कमरेत दोन बोटं घालून खुशीत म्हणत, "अगं, बघ. पुन्हा सैल."

"सायकल मानवलीय तुम्हाला," वहिनी म्हणायच्या, आणि सुईत दोरा ओवायला मान खाली घालायच्या.

मला तेव्हा फार हसू आलं. आधी वाटलं, बाई थट्टा करतेय. मग एकदा शेजारची शिवणकामवाली विचारायला आली की तुमचे मास्टर अलीकडे गातात काय, तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "पहिल्या आठवड्यात पँट घट्टच होती. म्हणाले, उगाच दमलो, उद्यापासून नाही जायचं. मग मी जरा... आता जातात. गात जातात." बस, एवढंच. म्हणजे नवरा सायकलवर बसावा म्हणून ही बाई पुन्हा पुन्हा कापडाकडून खोटं बोलवून घेत होती. आणि कापडावर विश्वास ठेवणारा तो शहाणा तिच्या समोरच बसला होता.

आता यात टायरचं काय, असं तुम्ही विचाराल. तुम्हीही तसलेच, पुढचं दिसत नाही. अहो, पँट सैल झाली की मास्टर सायकलच्या दुकानात जायचे आणि अभिमानाने सांगायचे, "आणखी उतरलंय. हवा त्या हिशेबाने." दुकानदार काट्याकडे बघत आणखी थोडी कमी भरायचा. मास्टर माझ्या पाठीला चिमटीत धरायचे, कापडाचा पोत बघावा तसं, आणि म्हणायचे, "कडक आहे." कडक कसला. मला स्वतःलाच लाज वाटत होती. वजन जिथल्या तिथे आणि हवा दर महिन्याला खाली. मास्टर वर बसले की माझी कूस, म्हणजे माझी बाजू, अशी दुमडायची की कुणी मला हातरुमालासारखी घडी घालतंय. खड्डा आला की लोखंडी रिम खाली येऊन ट्यूबला चावायची, आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडायची, साप डसल्यासारखी.

पंक्चर झालं की सकाळची मंडळी रस्त्याच्या कडेला थांबायची आणि सर उद्गारायचे, "वजन, मास्टर, वजन. टायरची काही चूक नाही." माझी बाजू घेतली म्हणून मी सरांचे आभार मानावेत असं त्यांना वाटत असेल. मी मानले नाहीत. पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर एकदा माझी कूस इतकी सरकली की मी रिमला दातांनी धरून ठेवलं. टायरला दात नसतात हे मलाही माहीत आहे. त्या दिवशी होते.

मास्टर मात्र दर पंक्चरनंतर गप्प होत चालले. गाणं कमी झालं. "एवढं उतरलं तरी टायर फाटतोच," एकदा ते वहिनींना म्हणाले. "म्हणजे माझ्यातच काहीतरी आहे." वहिनींच्या बोटात सुई घुसली. रक्त आलं नाही, पण मी बघत होतो.

तेवढ्यात तळ्याची फेरी आली. वर्षातून एकदा ही मंडळी डोंगर चढून पलीकडच्या तळ्यापर्यंत जातात. चढ लांब, आणि उतार असा की सायकल पक्ष्यासारखी सुटते. सरांनी मास्टरांना स्वतः निमंत्रण दिलं. "या की. मागून या हळूहळू. टायर सोबत चार घ्या." मास्टरांनी होकार दिला. आणि त्याच दिवसापासून दर दुपारी ते मला बोटाने फिरवून बघायला लागले. मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. मी टिकलो तर सायकल राहणार. मी गेलो तर सायकल जाणार, फेरी जाणार, आणि मास्टर पुन्हा टेबलामागे आडवे होणार, या वेळी कायमचे.

फेरीच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनींनी पँट उलटी केली आणि तशाच बसून राहिल्या. मायेतलं कापड संपलं होतं. शेवटची शिवण अगदी काठावर आली होती. त्यांनी पँट बाजूला ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. मग उठून जवळ आल्या, खाली बसल्या, माझ्या कुशीवरून बोट फिरवलं. तिथे रबर फाटून आतलं सूत बाहेर आलं होतं. सूत म्हटलं की त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

तेवढ्यात सायकलवाला दुकानदार आपली पँट आखूड करायला घेऊन आला. मास्टर डोळे चोळत उठले.

"या, या. उद्यासाठी जरा हवा बघून टाका, आलाच आहात तर," मास्टर म्हणाले.

दुकानदार वाकला. या वेळी काटा सोबत नव्हता म्हणून त्याला मीच बघावा लागलो. त्याने मला फिरवलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"मास्टर, या खुणा बघा." माझ्या पाठीवर बारीक खळगे असतात, झीज किती झाली ते कळायला. "या अजून शिल्लक आहेत. म्हणजे हा झिजलेला नाही. याची फक्त कूस फाटलीय. हवेशिवाय दुमडून दुमडून फाटलीय." तो उठून उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने काट्याऐवजी समोरच्या माणसाकडे पाहिलं. नीट, डोक्यापासून पायापर्यंत. "तुम्ही मला वजन खरं सांगत होता ना?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे उद्या हा उतारावर फुटला असता. आणि तुम्ही त्या वेगात असता."

मास्टरांचा आवाज चढला. "मी खोटं बोलतो? ही पँट बघा. महिन्यागणिक सैल होतेय. वहिनींना विचारा तुमच्या."

वहिनींनी पँट उचलली, उलटी केली आणि टेबलावर मास्टरांसमोर पसरली.

"आता यात माया उरली नाही," त्या म्हणाल्या.

मास्टरांनी बघितलं. शिवण उसवली की सुईची भोकं कापडात राहतात, इस्त्री केली तरी. पँटच्या मागच्या बाजूला अशा भोकांच्या रेघा होत्या, एकीशेजारी एक, पाणी उतरत गेलं की काठावर राहतात तशा. शिंप्याला त्या वाचायला चष्मा लागत नाही.

"तू?"

"मीच."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. उद्यापासून जायचं नाही म्हणालात तेव्हापासून." त्या थांबल्या. "हवेचं त्याच्याशी काही असतं, हे मला माहीत नव्हतं. उद्या तुम्ही त्या उतारावर..."

मास्टर स्टुलावर बसले. म्हणाले, "म्हणजे मी जिथे होतो तिथेच आहे. एवढे दिवस हसत होते ते बरोबरच हसत होते." मग दुकानदाराकडे वळून, "सायकल घेऊन जा. विकायला लावा."

दुकानदार काही बोलणार, तेवढ्यात वहिनींनी मास्टरांच्याच गळ्यातली टेप काढून घेतली.

"उठा."

"अगं, आता कशाला?"

"उठा म्हणते ना. गिऱ्हाइकाला बसून माप घेता का तुम्ही?"

मास्टर उठले. वहिनींनी कमरेभोवती टेप नेली. आणि मित्रांनो, या माणसाने, ज्याने आयुष्यभर लोकांची पोटं ओळखली, त्याने नकळत पोट आत ओढलं. दुकानदार छताकडे बघायला लागला.

वहिनींनी टेप तशीच धरून ठेवली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "पाण्याच्या टाकीचा चढ पहिल्या दिवशी चढता आला होता तुम्हाला?"

"छे. अर्ध्यात उतरून ढकलत नेली होती."

"आणि आता?"

"आता काय, गात चढतो..." मास्टर म्हणाले, आणि श्वास सुटला, आणि पोट घरी आलं. वहिनींनी टेप वाचली. मास्टरांना कळलं की आपण आपल्याच युक्तीत सापडलो. ते वहिनींकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं आणि खाली खाली गेलं. या वेळी ते कुणाच्या हसण्याच्या भीतीने हसले नव्हते. त्यांच्यानंतर आम्ही हसलो.

त्या संध्याकाळी पार्सलच्या कचेरीत सामान मोजायचा मोठा काटा असतो, त्यावर मास्टर उभे राहिले. सायकल बाहेर काचेला टेकवली होती, त्यामुळे मी बघितलं. आकडा सांगणार नाही. शिंप्याच्या घरात राहून एवढं तरी शिकलो. तिथून ते सायकलच्या दुकानात आले. उद्याच्या तयारीला सगळी मंडळी जमली होती. दुकानदाराने विचारलं, "वजन?" आणि मास्टरांनी ते सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"एवढं?" सर म्हणाले.

"एवढं. आणि सर, तुमच्या त्या निळ्या कोटाची माया मी दोनदा सोडलीय. मी कधी म्हणालो का, एवढं?"

सरांनी टोपी काढून ती आतून तपासायला घेतली. बाकीचे सगळे आपापल्या पोटाकडे बघू लागले, जणू ते कुणी तिथे विसरून गेलं होतं.

मास्टरांना रुंद टायर लावला गेला आणि पोटभर हवा भरली गेली. दुकानदार म्हणाला, "दर आठवड्याला काट्याने बघायची, चिमटीने नाही. मागचा तुमचा इतरांपेक्षा लवकर झिजणारच, ते वजनाचं काम आहे. पण तो झिजून मरेल, असा फाटून नाही. चांगला पुष्कळ धावेल." मास्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मग हा पुढे लावू या का? पुढे भार कमी." माझं मन क्षणभर हरखलं. पुढे! वारा, रस्ता, मान वळवणं! पण दुकानदार म्हणाला, "वेडे आहात का. मागचा फुटला तर माणूस सावरतो. पुढचा फुटला तर तोंडावर पडतो. जुना टायर कधी पुढे लावायचा नाही." त्याचं खरं होतं. ते ऐकून पुढच्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मास्टर तळ्याला गेले आणि सगळ्यांत शेवटी परत आले, पण सायकलवर बसून, ढकलत नाही. वहिनी दाराशी उभ्या होत्या, हातात उसवायची एक शिवण घेऊन, आणि तिचा त्यांनी सकाळपासून एक टाकाही उसवला नव्हता.

मला भंगारात टाकायचं ठरलं होतं. वहिनींनी नाही म्हटलं. आता मी मास्टरांच्या दुकानात, कपडे घालून बघायच्या पडद्याशेजारी खिळ्यावर टांगलेला आहे. माझ्या कडेने हँगर अडकवतात. ज्याला शर्यत जिंकायची होती, त्याच्या अंगावर आता अर्धवट शिवलेले कोट लोंबतात. तो नवा रुंद टायर रोज संध्याकाळी माझ्याखाली येऊन उभा राहतो आणि आपण किती धावलो ते सांगतो. मी ऐकत नाही.

तुम्हाला काही शिकवावं, मित्रांनो, एवढी तुमच्याबद्दल मला आशा नाही. तरी सांगतो. तुमच्याकडे सायकल असेल तर तिच्या टायरला अंगठ्याने चेपून शहाणपणा करू नका. हवा काट्याने बघा. त्याची कूस बघा, सूत दिसलं तर त्याला निवृत्त करा. आणि कुणी वजन विचारलं तर खरं सांगा, मोठ्याने सांगा. टायर तुम्हाला हसत नाही. तो फक्त तुम्ही सांगाल तेवढाच भार धरून तयार होतो, आणि तुम्ही खोटं सांगितलं की त्याचा जीव जातो, आणि त्याच्याबरोबर कधीकधी तुमचाही.

मास्टर आता गिऱ्हाइकाला मुलीबद्दल विचारत नाहीत. परवाच एक जाडजूड वकील माप द्यायला उभे राहिले आणि सवयीने पोट आत ओढून ताठ झाले. मास्टरांनी टेप धरली आणि दुसऱ्या हाताने माझ्याकडे बोट केलं.

"त्या टायरकडे बघा, साहेब," ते म्हणाले. "आणि श्वास सोडा."